वाईन जुनी की वेल जुनी?

नमस्कार मंडळी, कसे आहात, मजेत ना? आज ऐकता ऐकता एक काम करायचंय, गप्प बस म्हणताना आपण बोट कसं उभं धरतो, तसं ओठांसमोर धरा, ओठांना न लावता. हो हो, खरंच धरा, मला इथून काही दिसत नाही आणि तुम्हालाही माझं तोंड दिसत नाही म्हणून तर इंग्लिश उच्चारांसाठी ही बोटाची युक्ती, आता का ते सांगतो.

माझ्याकडे इंग्लिश बोलायला शिकायला एक मुलगी यायची, दिंडोरीकडची, घरची द्राक्षबाग, आणि नोकरीला एका वायनरीत, पाहुण्यांना बाग फिरवून दाखवायचं काम. एकदा परदेशी पाहुणे आले तर तिनं वेलींकडे हात करून इंग्लिशमध्ये मस्त सांगितलं की आमच्या वाईन बारा वर्षांच्या आहेत, त्यावर त्यातला एक बाबा एकदम खूश, म्हणाला मग आधी तीच द्या की चाखायला! हिला कळेचना हा वेल कशाला चाखतोय. क्लासला येऊन मला म्हणते, सर, माझं ग्रामर चुकलं का?

ग्रामर नाही गं, व चुकला. म्हणजे चुकला तरी कसं म्हणू, आपल्याकडे व एकच आहे आणि त्यांच्याकडे दोन. वेल म्हणजे व्हाईन, तिच्यात व्ही, आणि प्यायची ती वाईन, तिच्यात डब्ल्यू. आपला व या दोन्हींच्या मधे कुठेतरी राहतो, दात ओठाला धड टेकत नाहीत आणि ओठांचा धड चंबूही होत नाही. आता ते बोट. वाईन म्हणताना आधी ऊ म्हणतो तसा ओठांचा चंबू करायचा, ऊ-आईन, ओठ पुढे येऊन बोटाला लागले पाहिजेत. व्हाईन म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि आवाज सोडायचा, ओठाला गुदगुल्या झाल्यासारखं होतं, बोटाला काही लागत नाही. लागलं तर तुम्ही वेल पिऊन टाकलीत असं समजा.

मजा अशी की हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच घरातले. वाईन इंग्लिशकडे फार आधी गेली, तेव्हा रोमन लोक स्वतःच व्ही हे अक्षर डब्ल्यूसारखं म्हणायचे. व्हाईन नंतर फ्रेंचमधून आली, तोवर तिकडे दात ओठावर टेकायला लागले होते. घर एक, दारं दोन.

बरं, मग व्हाईनला यार्ड जोडलं की व्हाईनयार्ड, म्हणजे द्राक्षबाग, असं अख्खं नाशिक म्हणतं. मीही कितीतरी वर्षं म्हणायचो, कोण टोकणार? तर ते आहे व्हिन्यर्ड. व्हाईनचं व्हिन का झालं म्हणून इंग्रजांना नावं ठेवू नका, आपण काय करतो? दूध, पण दुधाला. गूळ, पण गुळाचा. शेपूट वाढलं की आधीचा स्वर आखडतो, चाईल्डचं चिल्ड्रन तसंच झालं. आणि यार्डचं यर्ड झालं कारण जोर सगळा पहिल्या तुकड्यावर, मागच्याला दम उरत नाही, कपाटाला आपण कपबोर्ड न म्हणता कबर्ड म्हणतो तसंच.

आपली खरी अडचण ही आहे की आपण डोळ्यांनी इंग्लिश वाचतो आणि दिसेल ते अक्षर इमानदारीत म्हणतो. कर्जाला इंग्लिशमध्ये डेट म्हणतात, स्पेलिंग डी ई बी टी, आपली पोरं डेब्ट म्हणतात. तो बी तिथे कधी बोलला गेलेलाच नाही, फ्रेंचमधून शब्द आला तो बीशिवायच, नंतर विद्वान मंडळींनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो हौसेनं खोचला. याउलट नाईफमधला के पूर्वी खरोखर म्हणायचे. 1476 साली विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकला, मग हळूहळू स्पेलिंगं छापात बसली आणि लोकांचे उच्चार मात्र बदलतच राहिले. आपल्या नाशिकरोडला प्रेसमध्ये नोट छापली की तिच्यावरचा आकडा तोच राहतो, बाजारात तिचं मोल बदलत जातं, तसंच काहीसं.

आणि आपण तरी कुठे लिहितो तसंच बोलतो? चिंच म्हणून बघा. पहिला च वेगळा, दुसरा वेगळा, अक्षर एकच. माझा आणि माझी यातला झ ऐका. कुणी शिकवलं? कुणी नाही, कानानं उचललं.

कांद्याचंही सांगून टाकतो. ओनियन नाही, अन्यन. हा शब्द आणि युनियन हा शब्द जाणकार एकाच लॅटिन शब्दाशी नेऊन जोडतात, लासलगावला लिलाव बंद पडले की ते नातं आपल्यालाही पटतं म्हणा. आणि तो कांदा परदेशी जातो तेव्हा, निर्यात या अर्थी बोलायचं तर जोर एक्सवर, एक्स्-पोर्ट. निर्यात करणे या अर्थी जोर पोर्टवर, एक्स-पोऽर्ट. रेकॉर्ड, परमिट, तिथेही हाच हिशोब. मराठीत आपण सगळ्या तुकड्यांना पंगतीत वाढल्यासारखं सारखंच वाढतो, म्हणून हे कानाला पटकन पकडता येत नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा, आरशासमोर उभं राहून व्हेरी वेल, व्हेरी वेल असं दहादा म्हणा, पहिल्याला दात, दुसऱ्याला चंबू. घरातले विचारतील काय चाललंय म्हणून, तर त्यांनाही बोट धरायला लावा. त्या मुलीनं महिनाभर बसमध्ये खिडकीच्या काचेत बघून केलं हे, समोरच्या सीटवरच्या आजी म्हणे रोज विचारायच्या, पोरी, दात दुखतोय का?