पाचशे वर्षांची सनद पाहायला मिळावी

नमस्कार श्रोतेहो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात एक गोल दालन आहे. अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना तिथे कुणीही जाऊन पाहावी, तिकीट नाही. उजेड मुद्दामच मंद ठेवलेला. जाहीरनाम्यावरच्या सह्या मात्र आता जेमतेम ओळखू येतात. एकोणिसाव्या शतकात तीस-पस्तीस वर्षं तो एका सरकारी इमारतीत खिडकीसमोर टांगला होता, शाई उडाली. आता तो आरगॉन वायू भरलेल्या पेटीत आहे. दिल्लीत आपल्या संविधानाची हस्तलिखित प्रतही संसदेच्या ग्रंथालयात अशीच हवाबंद जपलेली आहे.

आणि आपल्या गोव्याचं काय? आपल्याकडेही पायाभूत म्हणावा असा एक दस्तऐवज आहे. १६ सप्टेंबर १५२६ रोजी आफोंस मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गोव्यातल्या तिसवाडी बेटाच्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले, तो फोराल, म्हणजे सनद. कागद राजाचा, पण आतला कायदा गावकारांचा, त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला. सुरुवातीलाच एक हकिगत येते: चौघे जण एका ओसाड बेटावर आले, त्यांनी जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढली आणि कारभार नीट चालवला म्हणून त्यांना गावकार म्हणू लागले. माझ्या मते गोव्याच्या इतिहासात याहून सुंदर पान क्वचितच असेल. भातकापणीचा पहिला मान ताळगावच्या गावकारांचा, हेही त्यात नोंदलं आहे. ताळगावात ऑगस्टमध्ये कणसाचं फेस्त, म्हणजे नव्या भाताचा सण, अजून होतं, तिथे जाणाऱ्या किती जणांना या नोंदीची कल्पना असेल?

पणजीचं पुराभिलेखागार १५९५ सालापासूनचं. वाऱ्याच्या हंगामावर लिस्बनहून ये-जा करणाऱ्या जहाजांच्या पत्रव्यवहाराचे जाडजूड खंड तिथे आहेत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या दफ्तरात घालवली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उजेडात आणला. एवढा ठेवा फक्त अभ्यासकांनीच पाहावा हे मला पटत नाही. आपल्याकडे उन्हाइतकीच पावसाळी दमटपणाची भीती, कागदाला बुरशी आणि वाळवी लगेच लागते, हे खरं. म्हणूनच बंद पेटी हवी, मंद दिवा हवा.

२०२६ साली फोरालला पाचशे वर्षं होतात. त्या निमित्ताने गावकारीची, म्हणजे गावकारांच्या गावकारभाराची, जुनी दफ्तरं पणजीत लोकांसमोर मांडावीत. शेजारी मराठी आणि कोकणी भाषांतर असावं, आणि दर काही महिन्यांनी पान उलटावं, म्हणजे एकाच पानावर सतत उजेड पडणार नाही.