गेंटच्या चौकातले दिवे

नमस्कार श्रोतेहो. आज मी रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोलणार आहे. हो, साधे खांबावरचे दिवे, संध्याकाळ झाली की लागतात ते. पण हे दिवे आहेत बेल्जियममधल्या गेंट शहरातले, आणि ते एका इटालियन कलाकाराची कलाकृती आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी जरा गावातून चालावं लागेल, म्हणजे माझ्याबरोबर तुम्हालाही गर्दीत शिरावं लागेल.

भाची ब्रुसेल्सला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा ती म्हणाली, मावशी शनिवारी गेंटला जाऊ, ट्रेनने अर्धा तास, रात्री घरी परत. ऑक्टोबर होता, थंडी नुकतीच सुरू झालेली. मला वाटलं सीझन संपला, आता कोण असणार तिथे. अहो, स्टेशनवरून ट्राममध्ये चढलो तेव्हाच उभं राहायला जागा नव्हती आणि मधल्या गावात उतरलो तर माणसांची नुसती रीघ.

गेंट मध्ययुगात फार बडं शहर होतं. युरोपात आल्प्सच्या उत्तरेला पॅरिसच्या खालोखाल गेंटचा नंबर लागायचा असं सांगतात. इंग्लंडहून लोकर यायची, इथे तिचं कापड व्हायचं, आणि त्या कापडाच्या पैशातून हे मनोरे, ही चर्चं, नदीकाठची ही उंच उंच घरं उभी राहिली. आता ते सगळं बघायला जग येतं, आणि जग येतं म्हणजे चार ठिकाणी येतं. एक, सेंट मायकेल पूल, कारण तिथून तीन मनोरे एका रांगेत दिसतात. दोन, नदीचे दोन्ही काठ. तीन, कॅथीड्रल, तिथे व्हॅन आइक बंधूंचं 1432 सालचं प्रसिद्ध वेदीचित्र आहे. आणि चार, किल्ला. या चार ठिकाणी खांद्याला खांदा लागतो. आणि तिथून पन्नास पावलं बाजूला झालात की मोकळं, चक्क मोकळं.

हे मी परत सांगते, कारण कुठल्याही गर्दीच्या जुन्या गावात हे उपयोगी पडतं. पन्नास पावलं बाजूला व्हा.

आम्ही बाजूला झालो आणि पहिल्यांदा सापडली एक बोळ, वेर्रेगारेनस्ट्राट तिचं नाव. 1995 पासून या बोळात कुणीही येऊन भिंतीवर रंगवावं अशी मुभा आहे. जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत रंगच रंग, रंगावर रंग. आज कुणी सुंदर चेहरा काढला तर उद्या त्यावर दुसरा कुणी स्वतःचं नाव लिहून जातो आणि कुणी तक्रार करत नाही. मला ही बोळ आवडली, फार आवडली असं नाही म्हणणार, पण आम्ही उभ्या होतो तेव्हा एक मुलगा स्प्रेचा डबा खडखड हलवत होता आणि शेजारून एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेल्या, त्याला हसून काहीतरी म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. ते बघायला मजा आली.

मग घंटेचा मनोरा. त्याच्या पायथ्याशी एक कारंजं आहे, जॉर्ज मिन्ने नावाच्या शिल्पकाराचं, ते गेंटचेच. गोल कठडा आणि कठड्यावर पाच मुलगे गुडघे टेकून बसलेले. पाचही अगदी सारखे, एकच मूर्ती पाच वेळा. बारीक अंगाचे, बरगड्या दिसतायत, स्वतःचेच हात स्वतःच्या खांद्यांभोवती घट्ट आवळून खाली पाण्यात बघतायत. मी गोल फिरले. एक मुलगा समोरून दिसतो तेव्हा त्याच्या पलीकडचा पाठमोरा दिसतो, म्हणजे एकाच मुलाला तुम्ही एकाच वेळी पुढून, मागून, बाजूने बघता. शिल्पाभोवती आपण फिरावं ही अपेक्षा असते, इथे शिल्पच आपल्याभोवती फिरल्यासारखं वाटतं. वर मनोऱ्याला लिफ्ट आहे, तिच्यासाठी ही मोठी रांग, आणि त्या रांगेतला एकही माणूस वळून या मुलांकडे बघत नव्हता.

इथे जरा विषय सोडून बोलते. हे जे ग्रुप असतात ना, कानात यंत्र आणि पुढे छत्री उंच धरलेला गाइड, त्यांच्याबद्दल माझं मत पक्कं आहे. माणसाला ऐकत ऐकत बघता येत नाही. आधी बघा, मग ऐका. एकाच वेळी दोन्ही करायला गेलं की माहिती डोक्यात जाते आणि वस्तू तिथेच राहते. माझी भाची म्हणते की हे तू रेडिओवर बोलतेस म्हणून तुला वाटतं, असेल, पण मला तसंच वाटतं.

तर आता दिवे.

संध्याकाळी पायांचे तुकडे पडले होते. किल्ल्यासमोर एक चौक आहे, सिंट वेर्लेप्लाइन. एका बाजूला ग्राव्हेनस्टेन किल्ला, फ्लँडर्सच्या, म्हणजे या प्रांताच्या, सरदाराने 1180 मध्ये बांधलेला, दगडी, काळपट, थेट पाण्यातून वर आलेला. दुसऱ्या बाजूला जुन्या मासळीबाजाराचं दार, त्यावर हातात त्रिशूळ घेतलेला समुद्रदेव नेपच्यून. आम्ही एका कडेला टेकलो. भाचीने तिथली ती जांभळी शंकूसारखी मिठाई आणली होती, कुबरडोन म्हणतात, वरून कडक कवच आणि आत रासबेरीचा दाट पाक, तो हमखास बोटांवर सांडतो. बोटं चाटत आम्ही परतीच्या ट्रेनचं बोलत होतो. अंधार पडत आला होता. चौकातले दिवे नुकते लागले होते.

आणि समोरून एक माणूस चालला होता, खांद्यावर मुलगी, चार वर्षांची असेल, लाल टोपी. ती एकदम ताठ झाली, हात वर केला आणि ओरडली, "बेबी! बेबी!"

मी इकडेतिकडे बघितलं. कुठे बाबागाडी दिसेना, कुणाच्या कडेवर मूल दिसेना. मुलगी बोट दाखवतेय ती वर, दिव्याकडे. आणि तेव्हा मी बघितलं की दिवा मोठा होतोय. म्हणजे लुकलुकला नाही, भपकन पेटलाही नाही, सावकाश, अगदी सावकाश त्याचा उजेड वाढत गेला, शेजारच्या खांबावरचाही, त्याच्या पुढच्याही, खालचे दगड उजळले, त्या माणसाचा चेहरा उजळला, आणि मग तसाच सावकाश उजेड उतरला, पहिल्यासारखा झाला. चौकात शेकडो माणसं होती. बहुतेकांची मान खालीच, मोबाइलमध्ये नाहीतर खाण्यात.

मला वाटलं व्होल्टेजचं काहीतरी असेल. पण ती मुलगी टाळ्या वाजवत होती.

भाचीला तिथली भाषा मोडकीतोडकी येते, तिने त्या माणसाला विचारलं. तो थांबला, मुलीला खाली उतरवलं आणि आमच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. म्हणाला, तुम्हाला माहीत नाही? आत्ता गावात कुणालातरी बाळ झालं. हॉस्पिटलच्या प्रसूती वॉर्डात एक बटण आहे. बाळ जन्मलं की आईबापांनी ते दाबायचं. तिकडे बटण दाबलं की इकडे या चौकातले दिवे असे उजळतात.

मी विचारलं, कुणाचं बाळ ते कळतं का? तो म्हणाला, नाही ना, नाव नाही, मुलगा का मुलगी ते नाही, फक्त एवढंच की आत्ता कुणीतरी आलं.

आणि मग त्याने जे सांगितलं ते सांगण्यासाठीच मी आज बसलेय. ही मुलगी झाली त्या संध्याकाळी पाऊस होता. बायकोबरोबर आत हा एकटाच, बाकी कुणाला सोडत नव्हते. त्याची आई घरी बसली होती, पण तिला बसवेना. सारखा फोन केला तर मुलगा वैतागेल, नाही केला तर जीव राहत नाही, आजी होणाऱ्या बाईची काय अवस्था असते ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. शेवटी तिने छत्री घेतली आणि ट्राम पकडून इथे आली, या चौकात, आणि त्या नेपच्यूनच्या दाराखाली दिव्यांकडे बघत उभी राहिली.

थोड्या वेळाने दिवे उजळले. ती रडायलाच लागली. फोन करणार, तर हात थरथरतायत, आणि तेवढ्यात विचार आला की बटण त्याने दाबलं असेल तर फोन तोच करेल, थांबू. फोन आला नाही. पाऊस चालूच. मग दिवे दुसऱ्यांदा उजळले. ती परत रडली. फोन नाही. शेजारी एक पोरगा पावसापासून आडोशाला उभा होता, त्याने विचारलं, आजी, बरं नाही का? तिने त्याला सगळं सांगितलं, तर तोही तिच्याबरोबर वर बघत उभा राहिला. मग तिसऱ्यांदा दिवे उजळले, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने याचा फोन आला की आई, मुलगी झाली, दोघी छान आहेत, गडबडीत तुला कळवायचं राहिलं.

म्हणजे तिघांपैकी आपली नात कुठली? आईने विचारलं, बटण कधी दाबलंस? याला वेळ आठवेना. कसा आठवणार, नुकती हातात मुलगी दिलेली. त्यामुळे तिला आजपर्यंत कळलेलं नाही. तो म्हणाला, तिला विचारा, ती सांगते, तिन्ही माझीच.

त्याने मुलीला पुन्हा खांद्यावर घेतलं, हात हलवला आणि गेला. आम्ही जी ट्रेन पकडणार होतो ती सोडून दिली आणि तिथेच बसून राहिलो, बराच वेळ. दिवे अजून एकदा उजळले. या वेळी भाचीने आणि मी दोघींनी टाळ्या वाजवल्या, आणि शेजारचे दोन जपानी आजोबा आमच्याकडे आणि मग वर बघायला लागले.

आता थोडी माहिती. या कलाकाराचं नाव आल्बेर्तो गारुत्ती. इटलीचे, जन्म 1948, गेले 2023 मध्ये. या कामाचं नाव 'आय नाती ओज्जी', म्हणजे आज जन्मलेल्यांसाठी. हे काम त्यांनी आधी 1998 मध्ये इटलीत बेर्गामो गावी केलं, मग इतर शहरांनीही आपल्याकडे करून घेतलं, गेंट त्यातलं एक. खांबाला काही कोरीवकाम नाही, पुतळा नाही, चबुतरा नाही. फक्त चौकात एक दगड बसवलाय, त्यावर लिहिलंय की इथले दिवे गावातल्या प्रसूतिगृहांना जोडलेत, उजेड सावकाश वाढला की समजा बाळ जन्मलं, आणि हे काम त्या बाळाला आणि आज या गावात जन्मलेल्या सगळ्यांना अर्पण. लोक त्या दगडावरून चालत जातात. पुन्हा सांगते, बटण हॉस्पिटलात, दिवा चौकात, आणि मधे कुणाचंही नाव नाही.

आणि जागा कुठली निवडली बघा. हा चौक म्हणजे पूर्वी लोकांना शिक्षा द्यायची जागा. किल्ल्याच्या दारात, सगळ्या गावासमोर, इथे माणसांना मारत असत. शेकडो वर्षं या चौकात गर्दी जमायची ती कुणाचा तरी मृत्यू बघायला. गाइड लोक ते फार रंगवून सांगतात, किल्ल्यात छळाची हत्यारं पण मांडून ठेवलीत, त्याला रांग लागते. त्याच दगडांवर आता बाळ जन्मल्याचा उजेड पडतो. मी नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

दिव्यांवरून आठवलं. जुन्या इमारतींवर हल्ली रात्री हिरवे-जांभळे झोत फिरवतात, ते मला अजिबात पटत नाही. आठशे वर्षांच्या भिंतीला रंग बदलायची काय गरज? गेंटने उजेडाचा आराखडाच केलाय, कुठल्या रस्त्यावर किती आणि कसला प्रकाश ते ठरवून, म्हणून तिथे रात्री डोळ्यांना त्रास होत नाही आणि दिवा जरासा वाढला तरी नजरेला जाणवतं. पांढऱ्याफटक उजेडात हे काम चाललंच नसतं.

आणि या गावाला अशा गोष्टींची सवय जुनी आहे. 1986 मध्ये तिथल्या म्युझियमचे प्रमुख यान हूत यांनी एक प्रदर्शन भरवलं, 'शांब्र दामी', मित्रांच्या खोल्या. म्युझियममध्ये नाही भरवलं, लोकांच्या घरांत भरवलं. पन्नासच्या वर घरं, दिवाणखान्यात, जिन्यात, झोपायच्या खोलीत देशोदेशीच्या कलाकारांची कामं, आणि बघणारे हातात नकाशा घेऊन बेल वाजवत घरोघरी फिरत होते. परक्या माणसाला झोपायच्या खोलीत येऊ देणं ही केवढी गोष्ट आहे! त्या घरांमध्ये वाढलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत असतील.

कुणी तिकडे गेलात तर ब्रुसेल्सहून ट्रेनने गेंट-सिंट-पीटर्स स्टेशनला उतरा, तिथून ट्रामने किल्ल्यापर्यंत. कॅथीड्रल, मनोरे सकाळी उरकून घ्या. संध्याकाळ मात्र सिंट वेर्लेप्लाइनसाठी ठेवा, दगड शोधा, तो पायाखाली आहे, मग कडेला बसा आणि परतीची ट्रेन शेवटची धरा. मोबाइलवर चित्रण करायच्या भानगडीत पडू नका, उजेड इतका हळू वाढतो की त्यात काही दिसत नाही. आणि दिवे उजळले की शेजारच्याला सांगा, भाषा येत नसली तरी वर बोट दाखवून "बेबी" म्हटलं की पुरतं.

नमस्कार.