श्वास सोडताना

एक श्वास घ्या. आता सावकाश सोडा.

सोडताना जोर लावावा लागला? नाही. ताणलेली फुप्फुसं आपसूक आकसतात आणि हवा बाहेर पडते. दम्याच्या रुग्णाचं नेमकं इथंच अडतं. ‘श्वास घेता येत नाही’ असं तो म्हणतो खरा. पण जास्त झगडा असतो तो आत गेलेली हवा बाहेर काढण्याचा.

श्वासनलिका छातीत उतरली की तिला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे. वायुकोशांपर्यंत पोचेतो सुमारे २३ वेळा. या नळ्यांना आतून ओलसर अस्तर असतं आणि भोवती स्नायूंचे वेढे.

दम्यात हे अस्तर बहुधा त्रास नसतानाही थोडं सुजलेलं असतं. मग परागकण, धूर, गार हवा, कधी नुसतं खळखळून हसणंही पुरतं. वेढे आवळतात, अस्तर फुगतं, चिकट कफ उरलीसुरली वाट अडवतो. आणि इथलं गणित फार निर्दय आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नाही, १६ पट होतो.

श्वास घेताना छाती रुंदावते, तशा नळ्याही थोड्या ताणून उघडतात. सोडताना त्या मिटू पाहतात. त्या फटीतून निघणारी हवा शिट्टी वाजवते. थोडी आतच अडकते. पुढचा श्वास आधीच भरलेल्या छातीत घ्यायचा. म्हणून खांदे वर चढतात, मानेच्या शिरा ताठतात. धाप तशीच असताना शिट्टी एकाएकी थांबली, तर हायसं वाटून घेऊ नका. आवाज व्हावा इतकीही हवा आता खेळत नाही. तातडीनं दवाखाना गाठायला हवा.

साल्ब्युटामॉल या औषधाचा तोंडानं ओढायचा पंप काही मिनिटांत वेढे सैल करतो. सूज मात्र तो उतरवत नाही. ते काम नियमित घ्यायच्या स्टिरॉइडच्या पंपाचं. त्याचा गुण लगेच जाणवत नाही, म्हणून नेमका तोच बंद केला जातो.

सूज वर्षानुवर्षं राहिली की नळीची घडणच बदलते. अस्तराखाली कोलेजन या चिवट प्रथिनाचा थर जाड होतो, स्नायू वाढतात, कफ तयार करणाऱ्या पेशीही वाढतात.

फुंकण्याच्या चाचणीत पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजतात. मग साल्ब्युटामॉलचा पंप देऊन साधारण १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. दम्यात बहुतेकदा हा दुसरा आकडा चांगलाच वर जातो. घडण बदललेल्या नळ्यांत तो पूर्वीइतका चढत नाही.