तीच गिटार, तोच ॲम्प : बफर आणि बूस्टची जागा

[दृश्य : पिकअप अगदी जवळून. पिक तारेवर पडतो.]

गिटारची तार थरथरते आणि तिच्या खाली बसवलेल्या पिकअपच्या, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या, कॉइलमध्ये विजेचा सिग्नल उमटतो. कॉइलची तार केसाइतकी बारीक आणि तिचे वेढे हजारोंच्या संख्येत. एवढ्या वेढ्यांतून बाहेर पडणारा सिग्नल फार नाजूक असतो. पुढे जे काही जोडाल, त्याचा भार त्याच्यावर पडतो. आणि सगळ्यात आधी जोडली जाते ती केबल.

[दृश्य : कापलेली गिटार केबल. मधली तार, भोवती इन्सुलेशन, त्यावर धातूची जाळी.]

मधली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक कपॅसिटर तयार होतो. साधारणपणे दर मीटरला १०० पिकोफॅरड. कॉइल आणि हा कपॅसिटर मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला उठाव देतात. त्याच्या वरचा ट्रेबल, म्हणजे आवाजाचा तीक्ष्ण, उंच भाग, झपाट्याने उतरतो. पिकअपचं इंडक्टन्स अडीच हेन्री धरा, त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरा. ५ मीटर केबलला हा उठाव ४ किलोहर्ट्झच्या थोडा वर येतो. केबल १५ मीटरची केली की तो अडीच किलोहर्ट्झवर घसरतो.

आता तोच कॉर्ड दोन्ही केबलवर ऐका.

[ध्वनी : आधी ५ मीटर, मग १५ मीटर.]

पिक तारेला लागतो तेव्हाचा तो 'टच्' आवाज दुसऱ्या वेळी बोथट झाला. कॉर्डमधल्या वरच्या तारा मागे सरकल्या. गिटार बदललेली नाही, ॲम्पच्या नॉबला कुणी हात लावलेला नाही.

पेडलबोर्ड, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या इफेक्ट पेडलांची फळी, मोठा होत जातो तसं हेच घडतं. ट्रू बायपास पेडल बंद असलं की सिग्नल त्यातून सरळ पुढे जातो. म्हणजे बोर्डावरच्या सगळ्या छोट्या केबल आणि ॲम्पकडे जाणारी लांब केबल, सगळ्यांचा भार एकट्या पिकअपवर येतो. अशी सात-आठ पेडल ओळीने लावली आणि आवाज बसला, तर आधी तिथे बघावं.

बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट, इथे कामाला येतो. तो आवाज वाढवत नाही. त्याचा इनपुट रेझिस्टन्स मोठा असतो, बहुतेक वेळा पाच लाख ते दहा लाख ओहम, त्यामुळे पिकअपवर त्याचा भार नगण्य. आउटपुट रेझिस्टन्स मात्र जेमतेम काहीशे ते हजार ओहम. अशा आउटपुटला पुढे १५ मीटर केबल जोडली, तरी ट्रेबलची कपात सुरू होते ती १०० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाच्या आवाक्याच्या कितीतरी पलीकडे. एक मर्यादा आहे. बफरच्या आधीच्या केबलमध्ये जे गेलं ते तो परत आणू शकत नाही. म्हणून त्याची जागा गिटारच्या जितकी जवळ तितकी चांगली.

अपवाद फझचा, म्हणजे आवाज करकरीत करणाऱ्या पेडलचा.

[दृश्य : गोल फझ पेडल. वादकाचा हात गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर.]

फझ फेससारख्या जुन्या घडणीच्या पेडलचा इनपुट रेझिस्टन्स फार कमी असतो. तो पिकअपशी थेट जुळवून घेतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की करकर विरते आणि काचेसारखा स्वच्छ आवाज उरतो. मध्ये बफर आला की ती जवळीक तुटते. आवाज चिरका होतो आणि व्हॉल्यूम नॉबला तसा प्रतिसाद मिळत नाही. तेव्हा आधी फझ, मग बफर. शिवाय केबलने कापलेला ट्रेबल काहींना हवासाही असतो. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स गुंडाळीची लांब केबल वापरायचे, आणि तिने मऊ केलेली धार त्यांच्या आवाजाचा भाग होती. जास्त ट्रेबल म्हणजे चांगला टोन, असं मी तरी मानत नाही.

आता बूस्ट, म्हणजे सिग्नल मोठा करणारं पेडल. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, २० डेसिबल म्हणजे दहापट. नॉब बहुधा एकच. पण तो काय करेल हे त्याची जागा ठरवते.

[ध्वनी : एकच सोलो. बूस्ट आधी ओव्हरड्राइव्हच्या अलीकडे, मग पलीकडे.]

पहिल्या वेळी आवाज फारसा वाढला नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणारा इफेक्ट, आधीच सिग्नलची शिखरं कापत होता. बूस्टने त्याला आणखी कापायला लावलं. सूर लांबले, दाट झाले. दुसऱ्या वेळी दाटपणा तोच राहिला आणि सोलो बाकीच्या वाद्यांच्या वर आला. मात्र ट्यूब ॲम्पचा प्रीॲम्प, म्हणजे त्याचा पहिला टप्पा, स्वतःच फुटत (शिखरं कापत) असेल, तर त्याच्या इनपुटला दिलेला बूस्ट पुन्हा दाटपणाच वाढवतो. आवाजच मोठा हवा असेल, तर बूस्ट ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे प्रीॲम्पनंतरच्या जोडणीत, लावावा.

सगळेच बूस्ट सपाट नसतात. १९६०च्या दशकातल्या डॅलस रेंजमास्टरमध्ये एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर होता आणि इनपुटला मुद्दाम लहान ठेवलेला कपॅसिटर. बेस तिथेच गाळला जायचा आणि उरलेला सिग्नल ॲम्पच्या ट्यूबना ढकलायचा. गिटारवादक रोरी गॅलाघर यांनी तो वापरला. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचा वॉक्स एसी-३० या ॲम्पमधून येणारा गाता आवाजही ट्रेबल बूस्टरच्या जोरावरच उभा आहे. बेस आधी कमी झाल्यामुळे ॲम्प फुटतानाही जाड तारांचा लगदा होत नाही, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते.

[दृश्य : बूस्टचा नॉब. बोटं तो हळूहळू मागे आणतात.]

बूस्ट पारखताना कान सहज फसतो, कारण जे मोठं ते त्याला चांगलंच वाटतं. म्हणून पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. गिटार आणि केबलमधून येणारी हम, म्हणजे घुमणारा आवाज, किती वाढली, तेही ऐका. बूस्ट तिलाही वाढवतो. मग चारच सूर वाजवा, पेडल उचलून ओव्हरड्राइव्हच्या दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि तेच चार सूर पुन्हा.