सुपर बोलच्या टेपा आणि डिस्क: डब्यात नेमकं काय असतं आणि ते कसं टिकवायचं

मंडळी, आज बोलायचं आहे ते अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याबद्दल, म्हणजे सुपर बोलबद्दल. पण मैदानावरच्या नाही, तर कपाटातल्या सुपर बोलबद्दल. व्हीएचएस टेप, डीव्हीडी, ब्लू-रे आणि घरी कुणीतरी टीव्हीवरून उतरवून ठेवलेली जुनी कॅसेट. डब्यावर मोठ्या अक्षरात 'सुपर बोल' आणि विजेत्या संघाचं नाव छापलंय म्हणून आत तो सामना असेलच असं मुळीच नाही. आत काय आहे हे ओळखता आलं पाहिजे, आणि जे दुर्मीळ आहे ते वेळेत उतरवून घेतलं पाहिजे.

पहिल्या सुपर बोलपासूनच सुरुवात करू. १५ जानेवारी १९६७, लॉस एंजेलिसचं कोलिसियम, ग्रीन बे पॅकर्स ३५, कॅन्सस सिटी चीफ्स १०. सीबीएस आणि एनबीसी या दोन्ही वाहिन्यांनी हा सामना थेट दाखवला, आणि दोघींपैकी एकीनेही त्याची पूर्ण टेप जपली नाही. त्या काळात दोन इंच रुंदीची टेप महाग होती, त्यामुळे ती पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये सीबीएसच्या प्रक्षेपणाची एक प्रत मात्र उरली. तीत हाफटाइम, म्हणजे मध्यंतर नाही आणि तिसऱ्या क्वार्टरचा (सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्याचा) बराच भाग नाही. न्यूयॉर्कच्या पेली सेंटर या प्रसारण संग्रहालयाने ती दुरुस्त करून ठेवली आहे. २०१६ साली एनएफएल या फुटबॉल लीगच्या एनएफएल नेटवर्क वाहिनीने हा सामना पुन्हा दाखवला तो या टेपवरून नव्हे. लीगच्या एनएफएल फिल्म्स या चित्रपट संस्थेकडच्या फिल्ममधून १४५ डाव (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा एकेक तुकडा) एक-एक करून जुळवले आणि त्यावर रेडिओचं समालोचन बसवलं. काम अफाट मेहनतीचं आहे. पण १९६७ साली लोकांनी टीव्हीवर जे पाहिलं, ते हे नव्हे.

यावरून प्रकार लक्षात येतात. पहिला, एनएफएल फिल्म्सचा सारांशपट. साधारण अर्ध्या तासाचा, १६ मिमी फिल्मवर चित्रित केलेला, निवेदक आणि वाद्यवृंद असलेला. या संस्थेचं मूळ एड सेबल यांच्या छोट्या कंपनीत. १९६२ च्या अंतिम सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क त्यांनी ३००० डॉलरना घेतले. हवेत गिरक्या घेत येणारा चेंडू संथ गतीत, खेळाडूच्या तोंडावाटे निघणारी वाफ, आणि फिलाडेल्फियाचे वृत्तनिवेदक जॉन फसेंडा यांचा भारदस्त आवाज ही सगळी त्या घराण्याची देणगी. दुसरा प्रकार, प्रत्यक्ष टीव्ही प्रक्षेपण, जाहिराती आणि मधला रिकामा वेळ काढून. तिसरा, फिल्मचे तुकडे सलग जोडून उभा केलेला सामना. दुकानात तिघांचे डबे सारखेच दिसतात. मागच्या बाजूची वेळ आधी वाचा. तीसेक मिनिटं असतील तर तो सारांशपट. दोन ते अडीच तास असतील तर प्रक्षेपण असण्याची शक्यता जास्त, पण तेवढ्यावर विसंबू नका. वेगवेगळ्या वर्षांचे सारांशपट एकाच डिस्कवर भरले तरी वेळ तेवढीच होते.

खात्री करायची असेल तर चित्र एक-एक फ्रेम पुढे सरकवून पाहा. यासाठी टीव्हीवर नाही, संगणकावर डिइंटरलेसिंग (चित्रातल्या रेघा लपवणारी सोय) बंद करून पाहायचं. धावता खेळाडू किंवा फेकलेला चेंडू असलेली जागा शोधा आणि ओळीने दहा फ्रेम बघा. हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा प्रत्येक फ्रेममध्ये दिसल्या, तर ते व्हिडिओ कॅमेऱ्याचं चित्र, म्हणजे प्रक्षेपण. सलग तीन फ्रेम स्वच्छ, मग दोन रेघांच्या, पुन्हा तीन स्वच्छ, पुन्हा दोन रेघांच्या असा ठेका दिसला, तर मूळ फिल्म आहे. फिल्मच्या सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, अमेरिकन टीव्हीच्या ६० क्षेत्रांत (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांत) वाटताना एक चौकट दोन क्षेत्रांना आणि पुढची तीन क्षेत्रांना दिली जाते, त्यातून हा ठेका येतो. काही डिस्कवर फिल्मचा मजकूर २४ चौकटींतच साठवलेला असतो आणि वाटणी प्लेअर करतो. तिथे संगणकावर रेघा दिसणारच नाहीत.

पुढे फाइल बनवताना याच गोष्टीमुळे घोळ होतात. फिल्मचा मजकूर असेल तर तो ठेका उलटा सोडवून २३.९७६ फ्रेमवर आणायचा. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी फील्डमॅच आणि त्यामागून डेसिमेट हे दोन फिल्टर लावतात. प्रक्षेपण असेल तर प्रत्येक क्षेत्राची स्वतंत्र फ्रेम करून ५९.९४ वर न्यायचं, बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर त्याला पुरतो. बरेच लोक प्रक्षेपणालासुद्धा सरसकट २९.९७ करतात. त्यात निम्मी हालचाल फेकली जाते, आणि रिसीव्हरच्या, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याच्या बोटांना चेंडू लागला की नाही हा क्षणच नेमका हातून निसटतो. सारांशपटात मध्येच टीव्हीचा रिप्ले घातलेला असेल तर तो भाग वेगळा कापून त्याला वेगळा फिल्टर लावावा.

सामना पूर्ण आहे का हे कसं तपासायचं? फॉक्सने १९९४ साली गुण आणि वेळ पडद्यावर कायम दाखवायला सुरुवात केली, आणि पुढे बाकीच्या वाहिन्यांनीही तेच केलं. अशा सामन्यात काम सोपं आहे. प्रत्येक क्वार्टर १५:०० ला सुरू होऊन ०:०० ला संपतो, घड्याळ उडी मारतंय का तेवढं बघायचं. त्याआधीच्या सामन्यांसाठी किकऑफ, म्हणजे लाथेने चेंडू उडवून खेळ सुरू करणं, मोजा. दोन्ही अर्धांच्या सुरुवातीचे दोन, आणि प्रत्येक टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) किंवा फील्ड गोलनंतर (चेंडू लाथेने खांबांमधून मारणं) एक, अर्थात त्यानंतर त्या अर्धात वेळ उरला असेल तर. पहिल्या सुपर बोलमध्ये सहा टचडाउन आणि एक फील्ड गोल, म्हणजे किकऑफ नऊ. गंमत अशी की त्या दिवशी दुसऱ्या अर्धाचा किकऑफ दोनदा झाला, कारण पहिला झाला तेव्हा एनबीसी अजून जाहिरातीतच होती. हिशेब जुळला नाही तर छापील डावनिहाय नोंद समोर घ्या आणि कितवा डाऊन (प्रयत्न), किती यार्ड बाकी, हे क्रमाने लावत जा.

अधिकृत डिस्कमध्ये काय गळतं? हाफटाइमचा कार्यक्रम बहुतेक वेळा नसतो, कारण गाण्यांचे हक्क वेगळ्यांकडे असतात. जाहिराती नसतात. ३ फेब्रुवारी २०१३ ला न्यू ऑर्लीन्समध्ये स्टेडियममधले दिवे गेले आणि सामना ३४ मिनिटं थांबला. हे थांबणं संपादकाच्या लेखी निरुपयोगी, पण त्या रात्री घरी बसलेल्यांच्या आठवणीत तेच पहिलं येतं. इतिहास म्हणून बघायचं तर कापलेलं प्रक्षेपण अपुरं आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून घरच्या कॅसेटची किंमत.

डीव्हीडीच्या दर्जाचा हिशेब कागदावर करता येतो. एका थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात, दोन थरांच्या डिस्कवर ८.५ अब्ज. अडीच तासांचे ९००० सेकंद. एका थरावर भरलं तर सेकंदाला सुमारे ४.२ मेगाबिट पडतात, दोन थरांवर ७.६. गप्पांच्या कार्यक्रमाला ४.२ पुष्कळ झाले. फुटबॉलला नाही. कॅमेरा वेगाने फिरताना गवताचं प्रत्येक पातं आणि मागची सगळी गर्दी एकदम बदलते, आणि शेवटी रंगीत कागदांचा पाऊस पडतो तेव्हा तर चित्राचे चौकोन-चौकोन होतात. ९००० सेकंदांचा सामना एका थरावर असेल, किंवा एका डिस्कवर दोन सामने कोंबले असतील, तर घेताना विचार करा. ब्लू-रेच्या बाबतीत मूळ वाहिनी बघावी. सीबीएस आणि एनबीसी १०८०आय (१०८० ओळी, अर्ध्या-अर्ध्या चित्रांत) देतात, फॉक्स आणि एबीसी ७२०पी (७२० ओळी, पूर्ण चित्रांत). ७२०पी ऐकून नाक मुरडू नका. सेकंदाला ६० पूर्ण फ्रेम असल्यामुळे धावपळ त्यात जास्त नितळ दिसते.

आता घरच्या टेपकडे येऊ. सुपर बोलचं प्रक्षेपण साडेतीन तास किंवा त्याहून लांब. टी-१२० कॅसेट एसपी, म्हणजे नेहमीच्या वेगात दोन तास चालते, ईपी या संथ वेगात सहा. एकाच कॅसेटवर सामना बसवायचा म्हणून लोकांनी तो ईपीवर उतरवला. एसपीमध्ये टेप सेकंदाला ३३.३५ मिमी सरकते, ईपीमध्ये ११.१२, आणि टेपवर उमटणाऱ्या चित्राच्या एका रेषेची रुंदी ५८ मायक्रॉनवरून १९ वर येते. इतकी बारीक रेषा दुसऱ्या व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, नेमकी सापडत नाही. म्हणून ज्या यंत्रावर उतरवली तेच यंत्र चालू स्थितीत असेल तर आधी ते वापरून बघा. ट्रॅकिंग (हेड रेषेवर नेमकं बसवणं) स्वयंचलित न ठेवता हाताने लावा, आणि टेपच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तपासा. हायफाय आवाज ईपीवर घरघरतो, तसं झालं तर यंत्रावर साधा, म्हणजे 'नॉर्मल' ट्रॅक निवडा. आवाज दबका येईल, पण सलग येईल.

टेप यंत्रात घालण्याआधी कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीची कड उजेडात बघा. पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अमेरिकेतून मुंबईत किंवा कोकणात आणून कपाटात टाकलेल्या कॅसेटांना हे हमखास होतं. ती टेप चालवायची नाही. बुरशी हेडला लागते आणि मग पुढच्या प्रत्येक टेपवर जाते. कोरड्या जागी नीट सुकवून, तोंडाला मास्क लावून साफ करावी, किंवा जाणकाराकडे द्यावी. टेप धड असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, ताण सारखा होतो. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चामड्याच्या पट्टीने पुसायचं. पट्टी स्थिर धरून हेड बसवलेला ड्रम हाताने हळू फिरवायचा, वरखाली घासायचं नाही. कापसाची काडी अजिबात नको, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात.

उतरवताना एस-व्हिडिओची वायर असेल तर तीच लावा, आणि मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची लय सरळ करणारं यंत्र, हवाच. याचं कारण घरच्या टेपांमध्येच आहे. जाहिराती टाळण्यासाठी लोक पॉजचं बटन दाबत. प्रत्येक पॉजच्या जागी सिग्नलची लय तुटते, कॅप्चर करणारं यंत्र काही फ्रेम गाळतं, आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटून शिटी आधी आणि टॅकल (खेळाडूला पाडणं) नंतर अशी अवस्था होते. दुकानातल्या कॅसेटवर कॉपी रोखणारे मॅक्रोव्हिजनचे सिग्नल असू शकतात, ज्यामुळे कॉपीतलं चित्र उजळतं आणि काळवंडतं. घरच्या टेपवर ते नसतात, पण टेप झिजलेली असेल तर काही कॅप्चर कार्ड त्या गोंगाटालाच संरक्षण समजून थांबतात. करेक्टर मध्ये असला की हे सहसा होत नाही. साठवताना ७२० × ४८०, २९.९७, इंटरलेस्ड (अर्ध्या चित्रांसह) जसंच्या तसं, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या दर्जा न घटवणाऱ्या पद्धतीत, आवाज ४८ किलोहर्ट्झ. चार तासांच्या सामन्याला शंभर जीबीहून जास्त जागा लागते. पाहण्यासाठीची छोटी प्रत नंतर या मूळ फाइलवरून करा.

टेपचा शेवट आधीच बघून घ्या. टायमर ठरल्या वेळी बंद होतो, आणि सामना लांबला की शेवटचा डाव जातो. २०१३ ची वीज आणि २०१७ चा जादा वेळ, जिथे न्यू इंग्लंडने अटलांटाला ३४–२८ हरवलं, या दोन्ही रात्रींच्या टायमरवर उतरवलेल्या प्रती म्हणूनच शेवटी तुटलेल्या निघू शकतात.

हक्कांचं काय, हा प्रश्न येणारच. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरवरच्या खटल्यात, सोयीच्या वेळी बघण्यासाठी घरी टीव्हीवरून उतरवून घेणं वैध ठरवलं. पाचच दिवसांनी अठरावा सुपर बोल झाला. त्या खटल्यात फुटबॉलसह चार मोठ्या खेळांच्या लीगांच्या प्रतिनिधींनी घरी उतरवून घेण्याला आपली हरकत नसल्याची साक्ष दिली होती, आणि न्यायालयाने ती निकालात विचारात घेतली. पण टेप तुमची म्हणून आतला सामना तुमचा होत नाही. स्क्रँटनची टेप याच पेचात अडकली. मालकाच्या बाजूने दहा लाख डॉलरची अपेक्षा होती, लीगने देऊ केले ३०,०००, आणि आतल्या मजकुरावर हक्क लीगचाच. त्यामुळे टेप विकायच्या किंवा सामना ऑनलाइन चढवायच्या फंदात न पडता ती एखाद्या प्रसारण संग्रहालयाला द्यावी. सोबत कागदावर तारीख, वाहिनी, शहर आणि स्थानिक केंद्राचं नाव, टेपचा वेग, कुठे कुठे पॉज आहे हे सगळं लिहा, आणि मूळ कॅसेटवर पुन्हा काही उतरवू देणारी कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी आधी तोडून टाका.