त्या दहा मुली

नमस्कार मंडळी.

आजच्या अझरबैजानातल्या काराबाख प्रदेशातलं काहरिझली हे गाव. साल १९०८, रशियाच्या झारच्या राजवटीचा काळ. शाळेत तीस मुलगे, आणि त्याच वर्गात दहा मुली. अझरबैजानी मुलगे-मुली एकत्र बसून शिकले ते पहिल्यांदा इथं. शाळा काढली होती हमीदा जावानशीर यांनी. तिकडे बाईला आदरानं खानुम म्हणतात, म्हणून मीही हमीदा खानुमच म्हणते.

दहा मुली म्हणजे फार नव्हेत, असं वाटेल. पण मुलग्यांच्या वर्गात मुलगी पाठवायची म्हणजे आधी तिच्या घरच्यांचं मन वळवायला हवं. हमीदा खानुमचा शब्द गावात चालत असे, आणि तो उगाच नव्हे. १९०७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी घरांना पीठ आणि बाजरी वाटली होती. त्याआधीची दोन वर्षं आर्मेनियन आणि अझरबैजानी लोक एकमेकांच्या जिवावर उठले होते. त्यांच्यात मध्यस्थीलाही याच उभ्या राहिल्या. (शाळेनंतर बऱ्याच वर्षांनी, सोव्हिएत काळात देवीची साथ आली तेव्हाही त्यांनी लस विकत आणून गावकऱ्यांना टोचली.) ज्या बाईनं दुष्काळात आपल्या लेकराला जगवलं, तिच्या शाळेत मुलगी धाडायला आईबापांचं मन धजलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

त्यांचा जन्म १८७३ चा. वडील अहमद बे इतिहासकार. त्यांनी लेकीला घरीच शिकवलं. लग्न लष्करी अधिकाऱ्याशी झालं, पण १९०२ मध्ये नवरा गेला, पाठोपाठ वडीलही. तिशीच्या आत-बाहेरची ही विधवा गावी परतली आणि कापसाचा व्यवहार स्वतः पाहू लागली.

वडिलांचं हस्तलिखित छापून घ्यायला त्या १९०५ मध्ये तिफ्लिसला, म्हणजे जॉर्जियातल्या आजच्या तिबिलिसीला गेल्या. तिथं लेखक जलील मम्मदगुलुझादे भेटले. बायकांच्या हालांवर सडकून लिहिणारं 'मुल्ला नसरुद्दीन' हे साप्ताहिक त्यांनी पुढच्याच वर्षी सुरू केलं. १९०७ मध्ये दोघांनी लग्न केलं. विधवेचा हा पुनर्विवाह, तोही स्वतःच्या पसंतीचा.

१९१० मध्ये त्यांनी कॉकेशसमधल्या मुस्लिम स्त्रियांची मदतसंस्था उभारली. पुढे रशियन क्रांतीनंतर सगळं पालटलं. कुटुंब वर्षभर इराणमधल्या तब्रिझला राहून १९२१ मध्ये अझरबैजानच्या राजधानीत, बाकूला आलं. जलील १९३२ मध्ये गेले. हमीदा खानुम १९५५ पर्यंत होत्या. त्यांनी जलीलच्या आठवणी लिहिल्या, त्यांच्या लेखनाचे अनुवाद केले. ज्या बाईनं मुलींच्या हाती लेखणी दिली, तिनं स्वतःची खाली ठेवली नाही.