फळमाशीचा उन्हाचा हिशेब

(दृश्य: देवगडची बाग, मे महिना. कलमाखाली पडलेला हापूस.)

आंबा वरून चोख. सालीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, बस्स. सुरी फिरवली की आतला गर पाणचट आणि त्यात वळवळणाऱ्या पांढुरक्या अळ्या. पाहुण्यांसमोर आंबा कापणाऱ्याचा चेहरा तेव्हा पाहावा!

ही फळमाशीची करणी. मादी पाडाला आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. दीड-दोन दिवसांत अळ्या निघतात, आठवडाभर गरावर ताव मारतात. मग अळी फळाबाहेर येते, अंगाची कमान करून चक्क उडी मारते आणि मातीत शिरून कोष करते.

(दृश्य: ओंजळीतली माती, त्यात तांदळाएवढा तपकिरी कोष.)

हे दिवस मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरचे नव्हेत. कीटकाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. हवा नि माती तापेल तशी त्याची वाढ धावते. या माशीची वाढ साधारण 12 अंश सेल्सिअसच्या खाली थांबते असं धरू. त्यावरचा प्रत्येक अंश तिच्या खात्यात जमा. सरासरी 25 अंशांच्या दिवशी 13 जमा होतात, 30 अंशांच्या दिवशी 18. म्हणजे 25 अंशांत ज्या वाढीला 18 दिवस लागतात, ती 30 अंशांत 13 दिवसांत उरकते. हंगामात एखादी पिढी जास्तीची निघते ती अशी.

मग पारा चढेल तितकी माशी वाढेल? तसंही नाही. 35 अंशांच्या पुढे तिची वाढ अडखळू लागते. कोकणचं दमट ऊन मात्र तिच्या सोयीचं. समुद्र दुपारी पारा फार चढू देत नाही, रात्री फार उतरू देत नाही. त्यात वळवाची सर आली, माती ओलावली, की मेअखेरचा आंबा हमखास डागी.

(दृश्य: फांदीला टांगलेला सापळा.)

हा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा. आत मिथाइल युजेनॉल. त्याच्या वासाला भुलतात ते फक्त नर. सापळा भरला म्हणून निर्धास्त झालेल्या बागायतदाराच्या आंब्यावर मादी खुशाल बसलेली असू शकते. म्हणून सापळे लवकर लावायचे, माशीच्या खात्यात अंश साठण्याआधी, म्हणजे मादीशी जुळण्याआधीच नर अडकतात.

(दृश्य: वाफाळत्या टाकीत उतरणारे क्रेट.)

2014 साली फळमाशीपायी युरोपीय संघानं भारतीय आंब्याला दार बंद केलं. 2015 मध्ये ते उघडलं. आता युरोपला जाणारा आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवतात. जी ऊब अळीला वाढवते, तीच आणखी चढवली की अळी आतल्या आत मरते. फळ मात्र टिकतं.

बागेत मात्र टाकी नाही. तिथं रोज सकाळी गळलेले आंबे वेचून खोल खड्ड्यात पुरायचे, अळीनं उडी मारायच्या आत.